माफी नको, भरपाई द्या

कॅलिफोर्नियाच्या वायव्येला क्लॅमथ नदीकाठी राहणाऱ्या कारुक लोकांच्या नावाचा अर्थ 'नदीच्या वरच्या अंगाला' एवढाच. त्यांच्या जुन्या समाजात ना राजा, ना पाटील, ना तुरुंग. गुन्हा समाजाविरुद्ध नसे. अमक्याने तमक्याचं केलेलं नुकसान असे, आणि ते भरून द्यावं लागे. खून झाला, मोजा. मेलेल्याचं नाव त्याच्या घरच्यांपुढे तोंडातून निघालं, तरी मोजा. चलन म्हणजे हत्तीच्या सुळ्यासारखे दिसणारे इवले पोकळ शंख, दूर उत्तरेच्या किनाऱ्यावरून हातोहात आलेले.

आईच्या दुःखाला शंखांची माळ? नाक मुरडणं सोपं आहे. आपल्याला पश्चात्ताप हवा असतो, डोळ्यांत पाणी हवं असतं. पण 'झालं गेलं गंगेला मिळालं' हे आपल्याकडे बहुधा कोण म्हणतं? ज्याचं गेलं तो क्वचितच. बाजूचे चार लोक म्हणतात, आणि लवकर म्हणतात. कारुकांकडे मध्यस्थ दोन्ही घरी खेटे घाली (त्याची मजुरी वेगळी), आणि आकडा ठरेपर्यंत वैर उघडं राही. देणं नाकारणाऱ्याच्या जिवावर बेते. माफी मागून कुणी स्वस्तात सुटत नसे. मला यात दुखावलेल्याचा मान दिसतो: किती दुखलं हे ठरवताना त्याचा शब्द लागतो.

अर्थात मोजमाप आलं की उतरंडही येते. जिच्यासाठी मोठं देज दिलं गेलं, तिच्या मुलांची पत मोठी. पूर्ण देज न देऊ शकणारा नवरा सासऱ्याच्या घरी राही, आणि ते लग्न अर्धंच मानलं जाई. हा काटा मला काढून टाकता येत नाही.

मग सोनं शोधणारे आले. १८५१-५२ मध्ये अमेरिकी सरकारच्या प्रतिनिधींनी कॅलिफोर्नियातल्या जमातींशी अठरा करार केले, कारुकांशीही. १८५२ मध्येच सिनेटने ते फेटाळले आणि कागद १९०५ पर्यंत गुप्त ठेवले. त्याच १८५२ साली गोऱ्यांनी कारुकांची बरीच गावं जाळली. आता मध्यस्थ कुणाच्या दारी पाठवायचा?

१९८८ मध्ये त्यांच्या पवित्र डोंगरांतून जाणाऱ्या रस्त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. रस्त्याने त्यांचा धर्माचार जवळजवळ संपेल असं धरून चाललं, तरी राज्यघटना सरकारला अडवत नाही, असं बहुमताने ठरलं. जमीन सरकारची. म्हणजे नुकसान कबूल, देणं नाकबूल. कारुक कायद्यात हे वाक्यच बसत नाही. तो जोडरस्ता झाला नाही, पण तो १९९० मध्ये संसदेने तो पट्टा राखीव रानात घातला म्हणून.