आजचं चिंतन: पळणं थांबल्यावर घोड्याचं काय?



गेले काही दिवस आपण द्रोणपर्व वाचतोय. आजचा भाग जयद्रथवधाच्या दिवसातला, अगदी मधला, बऱ्याच संक्षिप्त पुस्तकांत गाळलेला. यावर मी गेल्या वर्षी एक चिंतन लिहून ठेवलं होतं. पोस्ट केलं नाही. का, ते पुढे सांगतो.

आधी प्रसंग. युद्धाचा चौदावा दिवस. अभिमन्यू आदल्या दिवशी पडलाय आणि अर्जुनाने शपथ घेतलीय, सूर्य मावळायच्या आत जयद्रथाला मारेन, नाहीतर अग्नीत जाईन. दिवस कलायला लागलाय. जयद्रथ अजून लांब, मध्ये कौरवांची फौज. अशा वेळी अर्जुन श्रीकृष्णाला विचारतो की घोडे बाणांनी घायाळ झालेत, दमलेत, त्यांना सोडून अंगातले बाण काढूया का? भगवंत म्हणतात, माझ्याही मनात तेच होतं. मग अर्जुन रथातून उतरतो आणि पायी उभा राहून एकटा सगळ्यांना अडवतो. पाणी नाही म्हणून अस्त्राने जमीन फोडून पाणी काढतो, बाणांचाच आडोसा उभा करतो. आणि त्या आडोशात भगवंत स्वतःच्या हाताने घोड्यांच्या अंगातले बाण उपसतात. त्यांना चोळतात, फिरवतात, पाणी पाजतात, चारा घालतात. काही घाई नसल्यासारखं. याच रथावर उभं राहून गीता सांगितली होती, आणि आता तेच हात खरारा करतायत.

मी लिहिलं होतं की सूर्य मावळायला आलेला असतानाही देवाला मुक्या जिवासाठी वेळ होता, तर आपल्याला का नसावा. वाचायला छान वाटत होतं. स्वतःवर जरा खूशही होतो.

त्याच आठवड्यात सोन्या भेटला.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. आमच्या शिफ्टमधल्या एका मित्राचे मामा शिरोलीच्या पुढे राहतात, त्यांचा वरातीच्या घोड्यांचा धंदा. मित्र म्हणाला, "मामाचा एक घोडा पाय धरून बसलाय, रेसचा घोडा आहे म्हणे, आता विकायला काढलाय. तू लिहितोस ना असलं, ये बघायला." गेलो. पत्र्याच्या शेडमागे उभा होता. तांबूस अंग, उंच, बरगड्या दिसत होत्या. पुढचा डावा पाय मागच्या बाजूने गुडघ्याखाली फुगलेला, आणि त्या पायावर भार न टाकता तो उभा. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं, असल्या पोस्टमध्ये ते नेहमी असतं म्हणून सांगतो. तो नुसता माशा हाकलत होता.

मी मामांना रथाचा प्रसंग सांगितला. वाटलं, ऐकून विरघळतील. मामांनी सगळं नीट ऐकलं, तंबाखू मळत. मग म्हणाले, "हे पोथीतलं झालं. पर मला सांग, देवानं बाण काडलं, पाणी पाजलं, आन मग काय केलं?"

"मग पुन्हा रथाला जुंपले."

"मग झालं की! जुंपायचं हुतं म्हून काडलं बाण. ह्यो आता कशालाच जुंपायचा न्हाई. आता काय म्हनती तुझी पोथी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून ते चिंतन ड्राफ्टमध्येच राहिलं.

मामा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो. पोटाला चिमटा काढून त्यांनी हा घोडा एका व्यापाऱ्याकडून घेतला होता. डांबरी रस्त्यावर, डीजेच्या आवाजात, नवरदेवाला घेऊन नाचायचं म्हणजे आधीच दुखावलेल्या पायाची काय गत होणार? आणि त्या वरातींत नाचणाऱ्यांत मीही असतोच की.

रेसचा घोडा म्हणजे काय, हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. आपल्या कोल्हापुरात रेसकोर्स नाका आहे, रेस मात्र नाही. त्या आता महालक्ष्मीला आणि पुण्याला. (मुंबईचं ते रेसकोर्स १८८३ पासूनचं, आणि नाव शेजारच्या देवळामुळे देवीचं. आपली अंबाबाई काय म्हणत असेल कोण जाणे.) हे थरोब्रेड घोडे दोन वर्षांचे असतानाच पळायला लागतात. इंडियन डर्बी २४०० मीटरची, आणि ती पळतात चार वर्षांचे घोडे. सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेकांचं करिअर संपतं. घोडा मात्र पंचवीस वर्षं जगू शकतो. म्हणजे पळणं चार वर्षांचं आणि उरलेलं आयुष्य अठरा-वीस वर्षांचं. त्या वीस वर्षांचा हिशोब कुणाच्या वहीत आहे?

घोड्याच्या पायात गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. हाडं, आणि वरच्या स्नायूंची ओढ खुरापर्यंत नेणाऱ्या दोऱ्या, म्हणजे टेंडन. भरधाव पळताना एका क्षणी साडेचारशे-पाचशे किलोचं सगळं ओझं एकाच पायावर येतं. दोरीचे धागे तुटतात, पाय मागून धनुष्यासारखा फुगतो. भरून यायला नऊ महिने, वर्ष लागतं, आणि भरला तरी तो भाग पहिल्यासारखा लवचिक राहत नाही. सोन्याचं हेच झालं होतं, आणि बरं व्हायला कुणी वेळच दिला नव्हता.

मामांच्या प्रश्नाची खरी धार मला नंतर कळली. रेसकोर्सवरही घोड्यांची सेवा होतेच की! डॉक्टर, एक्स-रे, मालिश, मोजून खुराक. आपल्यापैकी अनेकांच्या घरात माणसांची होत नाही एवढी. पण घोडा पळतोय तोवर. थांबल्यावर काही चांगल्या मालकांकडे राहतात, काही रायडिंग क्लबमध्ये जातात, काही पैदाशीला. बाकीचे हातोहात विकले जात कुठे पोचतात ते सोन्याकडे बघून कळलं. २०२५ मध्ये हैदराबादहून रेसचे ५७ घोडे जबलपूरजवळ नेले आणि त्यातले कितीतरी काही आठवड्यांत मेले. बातमी आली, गेली. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया बंद करायला सांगितल्या, तेव्हा निदान घोडे आणि घोडेवाले या दोघांच्याही पुनर्वसनाचा विचार करा असं सरकारला बजावलं होतं. बंद करणं सोपं असतं. नंतर त्या जनावराला रोज सकाळी भूक लागते.

गेल्या वर्षी नांदणीच्या हत्तिणीसाठी आपला अख्खा जिल्हा रस्त्यावर आला. ती मठात असावी की वनतारात, यावर घराघरांत भांडणं झाली. मी त्या वादात पडत नाही. पण त्याच महिन्यात सोन्या पत्र्याच्या शेडमागे तीन पायांवर उभा होता, हे मला नंतर फार टोचलं. त्याच्यावर आपला हक्क सांगायला कुणीच भांडत नव्हतं.

त्या रात्री मी द्रोणपर्व बाजूला ठेवलं आणि महाप्रस्थानिक पर्व काढलं. तुम्हाला गोष्ट माहीत आहे. सगळे वाटेत पडले, युधिष्ठिर आणि मागून येणारं एक कुत्रं एवढेच उरले. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला सोड आणि बस. हे कुत्रं कशाच्या उपयोगाचं? ना राखण करायला घर उरलंय, ना शिकार. तरी युधिष्ठिर म्हणतो की आश्रयाला आलेल्याला सोडणार नाही. मग इंद्र खोचक विचारतो की भावांना आणि द्रौपदीला सोडून आलास, मग कुत्र्यात काय एवढं? यावरचं उत्तर मी आधी कधी नीट वाचलंच नव्हतं. ते मेले होते, मी त्यांना जिवंत करू शकत नव्हतो, जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही.

जिवंत असताना. मामांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळाल्यासारखं वाटलं. रथाच्या प्रसंगात घोड्यांची गरज होती, इथे कुत्र्याची काहीच गरज नाही. आणि परीक्षा इथे आहे, तिथे नाही. (प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की याच महाभारतात अश्वमेधही आहे. वर्षभर घोड्याची पूजा, त्याच्यामागे फौज, आणि शेवटी त्याचाच बळी. ग्रंथ आपल्याला सोयीचं तेवढंच सांगत नाही.)

पण "सोडायचं नाही" म्हणजे काय करायचं? जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन गेलो. त्यांनी पाय दाबून पाहिला आणि म्हणाले, हाड शाबूत आहे, नशीब. हाड गेलं असतं तर वेगळं बोललो असतो. घोडा फार वेळ आडवा पडून राहू शकत नाही, एका पायाचं ओझं दुसऱ्या पायांवर गेलं की तेही सडायला लागतात. तेव्हा मरण देणं हीच दया ठरते. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात गांधीजींनी तडफडणाऱ्या वासराला इंजेक्शन द्यायला लावलं, तेव्हा त्यांच्यावर केवढा गहजब झाला होता. मला वाटतं गांधीजी बरोबर होते. पण वासरू वाचण्यासारखं नव्हतं, आणि सोन्या वाचण्यासारखा होता. फक्त महाग होता. परवडत नाही म्हणून मारायचं आणि त्याला दया म्हणायचं, ही पळवाट मला त्या दिवशी स्वच्छ दिसली, कारण क्षणभर तीच मला हवीशी वाटली होती.

व्यापारी पंचवीस हजार देणार होता. आम्ही तिघा मित्रांनी तेवढेच दिले. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, लग्नाला पैसे साठवायचे सोडून घोडा? बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या काकाला उसात घोणस चावली होती, आठवतं का? सरकारी दवाखान्यात ती इंजेक्शनं दिली म्हणून राहिला. ती कशापासून करतात माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. घोड्याला विष थोडं थोडं टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिकार तयार होतो, आणि त्या रक्तापासून प्रतिविष बनतं. हाफकिनने महाराष्ट्राला वर्षानुवर्षं ते पुरवलं. म्हणजे कुठल्यातरी घोड्याच्या रक्तावर आमचा काका आज ऊस तोडतोय. त्यानंतर घरात कुणी काही बोललं नाही.

म्हणून मला दया हा शब्द इथे थोडा कमी पडतो. दया माझ्या मनात येते आणि मनातूनच जाते. ऋण मात्र मन उडालं तरी महिन्याच्या एक तारखेला उभंच असतं.

सोन्याला मित्राच्या आत्याच्या शेतात ठेवलं. जागा मुद्दाम माळावरची पाहिली. २०१९ आणि २०२१ ला हायवेवर पाणी आलेलं आपण पाहिलंय, जनावर बांधलेल्या जागी पूर नको. पहिल्या आठवड्यातच आत्यांनी प्रेमाने उसाचं वाढं भरपूर घातलं, म्हशींना घालतात तसं. रात्री सोन्याचं पोट दुखायला लागलं. घोड्याला रवंथ नाही, त्याला उलटीही करता येत नाही, पोट बिघडलं तर जीव जातो. पहाटे चारपर्यंत डॉक्टर आणि आम्ही त्याला फिरवत होतो. प्रेम पुरत नाही, माहिती लागते. आता कडबा, सुकं गवत, थोडा हरभरा, दिवसाला आठ-दहा किलो, आणि पाणी बादल्यांनी. दर दीड-दोन महिन्यांनी नालबंद. महिन्याला तिघांत मिळून साडेनऊ हजार.

फाउंड्रीत माझं काम खोट असलेल्या कास्टिंगवर लाल खूण करायचं. ते परत भट्टीत जातं, वितळतं, नवीन बनतं, काही वाया जात नाही. सोन्याला असं कुठे परत पाठवता येत नाही. तो सहा वर्षांचा होता, मी सत्तावीसचा. तो पूर्ण जगला तर मी सेहेचाळीसचा असेन. हे गणित मी घोडा घेतल्यावर केलं. आधी केलं असतं तर घेतला असता का, माहीत नाही.

आज चौदा महिने झाले. पाय बराच उतरलाय. लंगडतो, पण चारी पायांवर उभा राहतो, संध्याकाळी वाऱ्यावर थोडा दुडकतो. कुणी बसू शकणार नाही, वरात नाही, काही नाही. आमच्यातला एक मित्र तीन महिन्यांपासून पैसे देत नाही. त्याला मुलगी झालीय, नोकरीचं डळमळीत आहे. त्याला काय बोलणार? पहिल्या महिन्यात सोन्याचे सगळ्यात जास्त फोटो त्यानेच टाकले होते. आम्ही दोघं भरतोय, किती दिवस जमेल बघू. तुमच्यापैकी कुणी मदत विचाराल म्हणून आधीच सांगतो, पैसे पाठवू नका. तुमच्या गल्लीतल्या वरातीच्या घोड्याला उन्हातून सावलीत घ्यायला सांगा, पाणी दाखवा, पायाकडे बघा.

आषाढात माउलींचा अश्व रिंगणात धावतो तेव्हा आपण टापांखालची माती कपाळाला लावतो. मीही लावतो. यंदा लावताना सोन्याचा सुजलेला पाय डोळ्यांसमोर आला आणि हात जरा थबकला, एवढंच.

गेल्या रविवारी मामा आले होते, पहिल्यांदाच. कुंपणाशी उभे राहिले. सोन्याने लांबून ओळखलं, लंगडत आला आणि सरळ त्यांच्या खिशात तोंड घातलं. खिशात गूळ होता. मामा त्याच्या पायावरून हात फिरवत म्हणाले, "उतारलंय की रं." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पोथी कुठवर आली?"

म्हटलं, "तोच अध्याय आहे मामा, घोडे सोडल्याचा. परत वाचतोय."

"मला बी वाच," म्हणाले. तिथेच बांधावर बसून वाचला.

राम कृष्ण हरी.