प्रसाधन आणि प्रामाणिकपणा

मनुष्यानें आपला चेहरा निसर्गानें दिला तसाच लोकांपुढें न्यावा, कीं त्यावर कांहीं संस्कार करून न्यावा, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक असला तरी सत्य आणि असत्य यांच्या सीमेवरचा आहे. म्हणूनच मोठमोठ्या विचारवंतांनीं त्याची दखल घेतलेली आढळते. प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादांत सॉक्रेटिसानें प्रसाधनाला व्यायामाची खोटी नक्कल ठरविलें आहे. झेनोफनच्या 'ईकॉनॉमिकस' या ग्रंथांत इस्कोमाकस नांवाचा गृहस्थ, तोंडाला पांढरें शिसें फासणाऱ्या आपल्या तरुण पत्नीस विचारतो कीं, मीं खोटीं नाणीं दाखवून माझी संपत्ति फुगवून सांगितली, तर तें तुला आवडेल काय? उलटपक्षीं आपल्याकडे वात्स्यायनानें चौसष्ट कलांत अंगरागाला स्थान दिलें, आणि भरताच्या नाट्यशास्त्रांत अंगरचना हा आहार्य अभिनयाचा एक भाग मानला गेला. एकीकडे संशय आणि दुसरीकडे गौरव. या दोहोंचा निवाडा करण्यास अलीकडच्या शृंगारपेटींतील एक लहानशी वस्तु आम्हांस फार उपयोगी वाटते.

ही वस्तु म्हणजे 'हायलायटर'. पावडर डाग झांकते, लाली रंग देते. हायलायटर या दोहोंपैकीं कांहींच विशेषसें करीत नाहीं. तें केवळ उजेड पकडतें. पुष्कळशा हायलायटरांत अभ्रकाचे अतिशय पातळ पापुद्रे असतात व त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा सूक्ष्म लेप दिलेला असतो. प्रकाश त्या थरांच्या वरच्या पृष्ठभागावरून आणि खालच्याहि पृष्ठभागावरून परततो, आणि या दोन परावर्तनांच्या मिलाफानें मोत्यासारखी झांक उत्पन्न होते. लेपाची जाडी बदलली कीं तीच झांक रुपेरी, सोनेरी किंवा गुलाबी होते. गालाच्या हाडाचा उंचवटा, भुंवईखालील कमान, नाकाचा दांडा, वरच्या ओठाची मधली खांच, डोळ्याचा आंतला कोपरा, अशा जेथें उजेड आपण होऊन पडतो त्याच जागीं तें लावावयाचें असतें. उजळ भाग पुढें येतो आणि छायेंतला मागें सरतो, हा जो चित्रकारांचा जुना नियम, तोच येथें कुंचल्याऐवजीं बोटाच्या टोंकानें पाळला जातो.

परंतु या कलेचें खरें मर्म वस्तूंत नसून विवेकांत आहे. कोरड्या त्वचेवर भुकटी सुटी पडून खवल्यांसारखी दिसते, म्हणून तेथें मलमासारखें किंवा पातळ द्रव हायलायटर चांगलें. तेलकट त्वचेला आधींच चमक असते, तिला भुकटीच मानवते, आणि तीहि कपाळ व नाक यांवर बेतानेंच. जेथें रंध्रें मोठीं आहेत किंवा वयानें सुरकुत्या आल्या आहेत, तेथें जाड चकाकी त्याच गोष्टींची जाहिरात करते; तेथें अगदीं बारीक कणांची मंद झांक पाहिजे. लांबट चेहऱ्यावर कपाळाचा माथा आणि हनुवटी सोडून गालांवर उजेड आडवा पसरावा; रुंद नाकावर रेघ बारीक असावी. गोऱ्या वर्णावर मोतिया छटा खुलते, गव्हाळ वर्णावर पीचच्या फळासारखी किंवा फिकट सोनेरी, आणि सांवळ्या व काळ्या वर्णावर गडद सोनेरी किंवा तांबूस. तेथें रुपेरी पांढरी छटा लावली तर तोंडाला राख फासल्यासारखें दिसतें. या सर्व नियमांचा इत्यर्थ एकच: लावणाऱ्यानें आधीं समोरचा चेहरा नीट पाहिला पाहिजे. जो चेहरा पाहत नाहीं, त्याला ही कला साधत नाहीं.

आतां मूळ आक्षेपाकडे वळूं. हें असत्य आहे काय? आमच्या मतें असत्य होण्यास दोन गोष्टी लागतात: एक, जें नाहीं तें आहे असें भासविणें, आणि दुसरी, त्या भासावर विसंबून दुसऱ्यानें कांहीं निर्णय करावा अशी योजना. इस्कोमाकसाच्या खोट्या नाण्यांत या दोन्ही गोष्टी आहेत. नाणें स्वीकारणारा त्याच्या मोबदल्यांत माल देतो आणि फसतो. परंतु वक्ता महत्त्वाच्या शब्दावर आवाज चढवितो किंवा गृहिणी देवघरांतील समई मूर्तीच्या उजव्या अंगास ठेवते, तेव्हां कोणी फसत नाहीं. जें आहे त्याकडेच लक्ष वेधलें जातें. गालाचा उंचवटा हायलायटरानें निर्माण केला नाहीं, तो होताच. शिवाय तो लेप लपूनहि राहत नाहीं, मान वळतांच चकाकून आपलें अस्तित्व सांगतो. बोदलेर या फ्रेंच कवीनें 1863 सालीं असें प्रतिपादन केलें होतें कीं, प्रसाधनानें निसर्गाची नक्कल करण्याच्या भरीस पडूं नये आणि स्वत:स लपवूंहि नये. त्याचें निसर्गाविषयींचें वैर आम्हांस पटत नाहीं. पण उघडपणें केलेला शृंगार कपट होऊं शकत नाहीं, हा त्याचा मुद्दा बिनतोड आहे.

मग या विषयांत नैतिक धोका नाहींच काय? आहे, पण तो पाहणाऱ्याच्या बाजूला नसून आरशाच्या बाजूला आहे. चेहऱ्यांचे प्रकार सांगणारे तक्ते पाहावे. गोल चेहरा लंबगोल कसा भासवावा, चौकोनी लंबगोल कसा भासवावा, लांबट लंबगोल कसा भासवावा! सर्व वाटा एकाच सांच्याकडे जातात, आणि उरलेले सर्व आकार 'दोष' या सदराखालीं पडतात. वर्णाच्या बाबतींत तर हा दुराग्रह अधिकच खोल आहे, आणि आपली भाषाच त्याची साक्ष देते. मराठींत 'उजळ' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत: प्रकाशमान आणि गोरा. लग्नाच्या बोलणींत 'मुलगी उजळ आहे' असें म्हणतात, तेव्हां तिच्या मुद्रेवरील तेजाविषयीं कोणी बोलत नसतो. सन 1975 मध्यें हिंदुस्थान लीव्हर कंपनीनें बाजारांत आणलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमानें याच घोटाळ्यावर पंचेचाळीस वर्षें व्यापार केला, आणि 2020 सालीं जगभर टीका झाल्यावर नांवांतील गोरेपणा काढून तेथें चकाकी घातली. नांव बदललें, पण गोरेपणाची जी आशा दोन पिढ्यांच्या मनांत पेरली गेली, ती डबीवरचें अक्षर खोडल्यानें खुडली जात नाहीं.

तेज आणि गोरेपणा हे दोन वेगळे पदार्थ आहेत. सांवळ्या अंगावर सोनें अधिक खुलतें हें आपल्याकडील प्रत्येक सोनाराला ठाऊक आहे. आणि ज्या महाराष्ट्रानें शतकानुशतकें पंढरपुरास जाऊन एका काळ्या मूर्तीच्या पायांवर डोकें ठेविलें, त्यानें तर हें कोणाकडून शिकण्याचें कारणच नव्हतें. सांवळ्या मुलीच्या गालावर सोनेरी झांक देणारा हात तिच्या वर्णाचा गौरव करतो. तोच हात पांढरा लेप देऊं लागला कीं तिच्या वर्णाबद्दल तिच्या वतीनें क्षमा मागतो. लोक फसोत वा न फसोत, त्या क्षणीं ती मुलगी स्वत:विषयीं एक खोटी गोष्ट शिकते. आमच्या मतें प्रसाधनाचें असत्य तें हें.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विचार पुरा होत नाहीं. ही चकाकी जेथून येते तेथें उजेड फार थोडा आहे. झारखंडांतील कोडर्मा व गिरिडीह आणि बिहारांतील नवादा हा अभ्रकाचा प्रसिद्ध पट्टा. वनसंरक्षणाचा 1980 सालचा कायदा आल्यानंतर तेथील पुष्कळ खाणी कायदेशीररीत्या बंद झाल्या. पण पोट बंद होत नाहीं. जुन्या खाणींच्या बिळांतून व ढिगाऱ्यांतून 'ढिबरा' म्हणजे अभ्रकाचा चुरा वेंचण्याचें काम चालू राहिलें, आणि त्यांत लहान मुलेंहि उतरलीं. दोन महिन्यांत निदान सात मुलें अशा खाणींत दगावलीं व तीं प्रकरणें दडपलीं गेलीं, असें रॉयटर्सच्या शोधांत 2016 सालीं उघडकीस आलें. पुढें 2017 मध्यें कांहीं कंपन्यांनीं व संस्थांनीं मिळून यावर उपाय करण्यासाठीं एक मंडळ स्थापिलें, आणि कोणी कारखान्यांत बनविलेलें कृत्रिम अभ्रक वापरूं लागले. इस्कोमाकसानें पत्नीस तिच्या चेहऱ्याच्या खरेपणाविषयीं विचारलें. तें शिसें कोणी खणलें, हें विचारण्याचें त्याला सुचलें नाहीं. आज तो प्रश्न टाळतां येत नाहीं.

तेव्हां आमचा निर्णय असा: आपल्या चेहऱ्यावरील एखादी रेषा आवडली आणि तिच्यावर उजेड धरावासा वाटला, तर त्यांत लाज बाळगण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र तो उजेड आपल्याच चेहऱ्यावर पडावा, दुसऱ्याच्या चेहऱ्याच्या आठवणीवर पडूं नये. आणि डबी घेतांना त्यांतलें अभ्रक कोठलें, हें दुकानदारास विचारावें. दुकानदाराला बहुधा उत्तर देतां येणार नाहीं. पण पुष्कळ गिऱ्हाइकांनीं तोच प्रश्न विचारला, तर तो मालकापर्यंत आणि मालकाकडून कारखान्यापर्यंत जातो. उजळ माथ्यानें घराबाहेर पडण्याची मराठींत जी म्हण आहे, तिच्यांतला 'उजळ' हा शब्द वर्णाचा नव्हे.