न वटलेला चेक

शेवटच्या पाच सराव परीक्षांत आमच्या चिरंजीवांना ‘नीट’च्या ७२० गुणांपैकी सरासरी ५४० पडले. बरोबर उत्तराला चार, चुकलेल्याला वजा एक, हे सगळं धरून. मी पडलो बी.कॉम.; लगेच मेव्हण्याला ठणकावून सांगितलं, “सहाशे कुठं जात नाहीत!” वरचे साठ? ते बापाच्या पदरचे.

बँकेत वीस वर्षं झाली, पण न वटलेल्या चेकवर मी सख्ख्या भावालाही पैसे दिलेले नाहीत. इथं मात्र बेधडक जमा!

रात्री पोरगं हळूच म्हणालं, “बाबा, पाचशेच पडले तर?”

आशा धरणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. पण आशा आपण धरायची नि फेड पोरानं करायची, ही मात्र शुद्ध अफरातफर. सकाळी मेव्हण्याला फोन करून साठ वजा केले. पोरगं त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवलं.