चहा बेचव निघाला तर?

झुरिकमध्ये १९९९ साली 'ब्लिंडेकू', म्हणजे 'आंधळी कोशिंबीर', नावाचं उपाहारगृह सुरू झालं. तिथे जेवण मिट्ट काळोखात. वाढणारे दृष्टिहीन, चाचपडणारे आपण डोळस. कोण कोणावर अवलंबून, हे दिवा ठरवतो.

पण दृष्टिहीनांनी चालवलेलं कॅफे उद्या जालन्यात, भर उजेडात सुरू झालं तर? कसोटी तिथे आहे. चहा बेचव निघाला तरी आपण 'छान' म्हणू, वर सुटे पैसे ठेवून येऊ. ही माणुसकी वाटते. पण तिने त्या माणसाचं कसब आधीच नापास केलेलं असतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने समानता दिली. चूक ऐकण्याचा मान मात्र गिऱ्हाइकानेच द्यायचा. चहा बेचव असेल तर सांगावं. चांगला असेल तर उद्या पुन्हा जावं.