गाळातला डिंक

टाकी खळाळली की मैलापाणी आपल्या हिशेबातून जातं. पुढे त्याचं काय होतं, हे आपण विचारत नाही. नेदरलँड्समधल्या झ्युटफेन गावी ते विचारलं गेलं आणि २०१९ मध्ये तिथे सांडपाण्याच्या गाळातून चक्क डिंक काढायला सुरुवात झाली.

झ्युटफेनच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात दुधाच्या कारखान्यांचं सांडपाणी येतं. पाणी शुद्ध करणारे जिवाणू एरवी विरळ पुंजके करून राहतात आणि सावकाश तळाशी बसतात. डेल्फ्टच्या विद्यापीठात मार्क फान लोस्ड्रेख्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते असे वाढवले की त्यांचे मोहरीएवढे घट्ट दाणे तयार होतात आणि झटकन खाली बसतात. दाणा विस्कटत नाही, कारण जिवाणूंनीच स्रवलेला चिकट पदार्थ त्याला बांधून ठेवतो. असा दाणेदार गाळ अल्कली घालून सुमारे ८० अंशांपर्यंत तापवायचा, चोथा वेगळा करायचा, वरच्या द्रवात आम्ल घालायचं. मग तो पदार्थ साकळून हाती येतो. त्याला नाव मिळालं कौमेरा. बियाण्यांवर लेप द्यायला, ओलं काँक्रीट लवकर सुकू नये म्हणून त्यावर फवारायला तो चालतो. शिवाय जाळायचा गाळही कमी उरतो. नेदरलँड्समधल्याच एपे गावी तर घरगुती सांडपाण्यातूनही तो काढला गेला.

जिवाणूंनी इतक्या निगुतीने घडवलेली वस्तू इतकी वर्षं नुसती भट्टीत जात होती, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आपल्याकडे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्यापासून खत करण्यासाठी आयुष्य वेचलं. त्यांच्या वाटेत विज्ञान आडवं आलं नाही, आडवी आली ती किळस, आणि हे काम विशिष्ट जातींच्या माथी मारणारी आपली रीत. ती रीत अजून पुरती गेलेली नाही. त्यात नवी अडचण म्हणजे आता एकाच गटारात मैला, कारखान्याची रसायनं, रंग आणि औषधं एकत्र वाहतात. जड धातू आणि विषारी द्रव्यं गाळात उतरली की त्यातून चांगलं काही काढणं अवघड आणि महाग होऊन बसतं.

कारखान्यांना आवरणं सरकारचं काम आहे आणि ते झालंच पाहिजे. आपल्या मोरीपुरतं मात्र आजच करता येईल: उरलेली औषधं, थिनर, रंग आणि तळणीचं तेल तिथे ओतू नका.