पांढरीतला जमाखर्च

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला जुनी वस्ती ओळखायला पदवी लागत नाही. काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे गाव. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंती मुरून झालेली ही पांढरी माती बीड जिल्ह्यातल्या केजकडच्या माळवदांवरही चढली. पुरातत्त्व डोक्यावर घेऊनच माणसं झोपत होती म्हणायची!

आता पांढरीपर्यंत जेसीबी पोचलाय. केज तालुक्यात पवनचक्क्यांचे पाये खोदले जातात, रस्ते रुंदावतात. खापर निघालंच तर मुरमासोबत डंपरमध्ये. 1878 चा कायदा म्हणतो, दहा रुपयांवरचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवा. खापराचे दहा रुपये कोण धरणार?

इंग्लंडमध्ये 1990 पासून नियोजनाच्या धोरणाने बांधकामाआधीच्या उत्खननाचा खर्च बांधकाम करणाऱ्याच्या गळ्यात घातला. उत्खननाचा धंदा झाला. बिल्डरला तारखेला जागा मोकळी हवी. खोदणारे नोंदी करून पुढच्या कामावर. मग त्या नोंदींना प्रश्न विचारायला कुणीतरी पगारावर ठेवावं लागतं. उत्खनन करणाऱ्या कंपनीतलं संशोधनप्रमुख हे पद त्या गरजेचं. लंडनमध्ये ब्लूमबर्गच्या इमारतीच्या जागी 400 हून अधिक रोमन लाकडी पाट्या निघाल्या. एकीवर इ. स. 57 मधली 105 दिनारांची उधारी! चिखलातल्या लाकडावरचे ओरखडे वाचणारा विद्वान नसता, तर ती नुसती फळीच राहिली असती.

यातही गोम आहेच: ज्याचं काम थांबवायचं, बिलही त्याच्याकडूनच वसूल करायचं.

आपल्याकडची चाल वेगळी. डेक्कन कॉलेजने इनामगावची जुनी वस्ती 1968 ते 83 अशी बारा हंगाम खणली, अहवाल 1988 मध्ये आला. इतका धीर पवनचक्कीवाल्याकडे कुठून येणार? केजच्या दक्षिणेला तेरचं वस्तुसंग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलं. एका माणसाच्या ध्यासाने वस्तू वाचल्या. पण कोणती वस्तू कोणत्या थरातली, हे खोदतानाच टिपावं लागतं.

तेर म्हणजे जुनं तगर. लंडनची ती उधारी लिहिली गेली त्याच शतकात एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेने नोंदवलं, की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. नकाशावर पैठण-तेर रेघ ओढली तर ती बीड जिल्ह्यातून, केजपासून फार लांबून नाही, अशी जाते. बैलगाड्यांचे तांडे रात्री कुठे उतरत असतील? मांजरा कुठे ओलांडत असतील? पायाच्या खड्ड्याशी उभं राहून हे विचारणं, ही इथे अजून कुणाचीच नोकरी नाही.