पाठीचं लाकूड

हाताने केलेल्या वस्तूंचं कौतुक करायला आधी थोडीफार श्रीमंती लागते, असं माझं मत आहे. आमच्या लहानपणी घरात सगळंच हाताने केलेलं होतं. गोधड्या आजीच्या हातच्या, सदरे काकूच्या हातचे, शेवया शेजारणींनी मिळून वळलेल्या, आणि मार वडिलांच्या हातचा. आमचा जीव अडकलेला असे तो कारखान्याच्या मालात. कागदात गुंडाळलेला, चारही कोपरे सारखे असलेला बिस्किटाचा पुडा म्हणजे साक्षात परमेश्वर! "सदरा घरी शिवलाय वाटतं?" असं कुणी विचारलं, तर त्यात कौतुक नसे. पुढे जगाने अशी काही कोलांटी मारली, की आता तोच प्रश्न कुणी विचारावा म्हणून लोक पदरचे पैसे मोजतात.

हे आठवायचं कारण असं, की 2018 च्या उन्हाळ्यात आम्ही मुलाकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो आणि त्याने मला हाताने केलेल्या गिटारींच्या प्रदर्शनाला नेलं. मुलगा कॉलेजात असल्यापासून गिटार वाजवतो. शेजाऱ्यांनी घर बदललं नाही, इतपत बरी वाजवतो. चाळिशी उलटली की माणसं साखर तपासून घेतात. ह्याच्या मनाने घेतलं होतं की एखाद्या कारागिराकडून आपल्यासाठी म्हणून एक गिटार करवून घ्यायची. वडील बरोबर असले म्हणजे आपण सात हजार डॉलर एका दुपारी उडवणार नाही, असा त्याचा हिशोब असावा. स्वतःवर इतका अविश्वास असलेला मुलगा वाढवल्याचं मला समाधान आहे.

एका हॉटेलचा मोठा हॉल. रांगेने टेबलं, प्रत्येक टेबलावर दोन-तीन गिटारी, आणि टेबलामागे त्यांचा कर्ता. परक्या बाईने आपलं तान्हं मूल मांडीवर घेतलं की आई कशी तोंडभर हसत, पण दोन्ही हात पुढे करून बसते, तशी ती माणसं बसली होती. आवाजाविषयी काय सांगावं! चाळीस जण चाळीस गिटारींवर चाळीस वेगळी गाणी वाजवत होते. आपल्याकडे मैफिलीआधी पडद्यामागे चार तंबोरे लागत असतात तेव्हाही गोंधळच असतो, पण त्यांची निदान 'सा'वर एकवाक्यता व्हायची असते. ज्याला खरोखर ऐकायचंय त्याच्यासाठी बाजूला एक बंद खोली होती. तिथे दहा मिनिटांची पाळी लावून आत जायचं. दवाखान्यात जातात तसं.

कर्ते मंडळींत एक पूर्वी होड्या बांधणारा निघाला, एक शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारा. मी आपला मराठी माणसाचा मूलभूत प्रश्न विचारला, "ह्यात पोट भरतं का हो?" होडीवाला अजिबात न लाजता म्हणाला, "बायको नर्स आहे." कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ह्या नर्सबाईंवर एक प्रकरण लिहायला हरकत नाही.

पण आम्ही खरे रेंगाळलो ते कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यापाशी. वय एकाहत्तर, पांढरी दाढी, बोटांच्या पेरांत सरस जाऊन बसलेला. त्यांनी माझ्या हातात एक पातळ फळी दिली. अलास्काकडच्या स्प्रूस झाडाची, जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. गिटारचं पोट म्हणतात ते हे. फळी वरच्या कडेला दोन बोटांत लोंबती धरायची, कानाशी न्यायची आणि बोटाच्या पेराने ठोकायची. ठोकली. कोऱ्या मडक्यासारखी वाजली. म्हणाले, "आता रंधा मारायचा, पुन्हा ठोकायचं. पुन्हा मारायचा, पुन्हा ठोकायचं." लाकूड जास्त राहिलं तर गिटारचा आवाज गळ्यातच अडकतो, आणि जास्त निघालं तर पोट खचतं, कारण लोखंडी तारा चढवल्या की सहा जणी मिळून सत्तर किलोच्या वर ओढ देतात. सत्तर किलो म्हणजे जवळजवळ मी. तीन मिलिमीटरच्या फळीला मी रात्रंदिवस लोंबकळतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी ती फळी हळूच टेबलावर ठेवली.

"पण थांबायचं कुठे, हे कसं कळतं?"

"मागेच थांबायला हवं होतं, हे मात्र लगेच कळतं," ते म्हणाले.

मग त्यांनी एक तयार गिटार उलटी केली, आणि मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. काळसर जांभळी पाठ, तिच्यातून धावणाऱ्या काळ्या रेघा. अहो, हे तर आमच्या आजोबांचं कपाट! शिसवी! तिकडे त्याला इंडियन रोझवूड म्हणतात आणि नाव घेताना आवाज जरा खाली आणतात. पूर्वी ह्या जागी ब्राझीलचं लाकूड असे. मार्टिन ह्या नामांकित कंपनीने 1969 साली ते सोडून आपलं शिसवी धरलं, आणि 1992 मध्ये ब्राझीलच्या त्या झाडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदीच आली. मी गेलो तेव्हा शिसवीचीही जपणूक सुरू झाली होती. 2017 पासून अशी गिटार विकायला देशाबाहेर न्यायची तर परवाना लागे. तयार वाद्यांची त्यातून सुटका झाली ती 2019 मध्ये. ज्याला जगभर असे कागद लागतात त्या लाकडात आम्ही तीन पिढ्या लोणच्याच्या बरण्या ठेवत आलोय.

शेजारीच दुसरी गिटार होती, अक्रोडाच्या पाठीची. बाकी सगळं तेच, किंमत बाराशे डॉलरने कमी. मुलाने दोन्ही बंद खोलीत नेऊन वाजवल्या आणि बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाला, "शिसवीत खोली आहे." म्हाताऱ्याने मान डोलावली. मी विचारलं, "डोळे मिटून ऐकलं तर तुम्हाला ओळखता येईल?"

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पैज लावून नाही."

आता आली का पंचाईत! त्याच वर्षाच्या अखेरीला इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या मंडळींनी हा प्रयोग छापून प्रसिद्ध केला. एकाच कारागिराकडून एकाच नमुन्याच्या सहा गिटारी करवून घेतल्या, पाठी-कुशी तेवढ्या सहा वेगळ्या लाकडांच्या. बावन्न वादकांना मंद उजेडात, वेल्डिंगवाल्याचा चष्मा चढवून त्या वाजवायला दिल्या. निकाल असा, की महाग आणि स्वस्त लाकडांना मार्क जवळजवळ सारखेच! आणि स्पेनच्या तोरेस नावाच्या थोर कारागिराने तर 1862 सालीच पोट चांगल्या स्प्रूसचं आणि पाठ-कुशी चक्क कागदाच्या लगद्याच्या, अशी गिटार करून ठेवली आहे. ती बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे.

म्हणजे म्हाताऱ्याला माहीत होतं. तरी बाराशे डॉलर जास्त लावत होता. ही लबाडी म्हणायची की नाही?

बाहेर कॉफी पिता पिता आम्हा बापलेकांत ह्यावर जुंपली. मुलाचं म्हणणं, लाकूड महाग आहे, गिऱ्हाईक ते मागतं, त्यांनी खोटं कुठे सांगितलं? मी म्हटलं, धर्मराजानेही तसं पाहिलं तर खोटं सांगितलं नव्हतं, तरी त्याचा रथ चार बोटं खाली आलाच. तू 'खोली आहे' म्हणालास तेव्हा त्यांनी मान का डोलावली? मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही देवळात जाता तेव्हा पुजाऱ्याला असे प्रश्न विचारता का?" हा मुद्दा मी विषयाबाहेरचा ठरवला. पण मनात म्हटलं, शिसवी बघून ज्याची बोटं जरा जपून पडतात, त्याच्या गिटारीत खोली खरोखरच आली नसेल कशावरून? फक्त ती खोली विकणाऱ्याची की वाजवणाऱ्याची, आणि तिचे बाराशे कुणी कुणाला द्यायचे, एवढाच प्रश्न. तो काही कॉफीत विरघळेना.

परत गेलो तेव्हा म्हातारा मुलाला म्हणाला, "हात दाखवा." हस्तसामुद्रिक नव्हे. बोटांची लांबी पाहिली, तळवा पाहिला, मग गिटार देऊन "काहीही वाजवा" म्हणाला, आणि नजर तारांवर न ठेवता मुलाच्या उजव्या खांद्यावर ठेवून ऐकत राहिला. मला मिरज आठवली. आत्याबरोबर तिथल्या सतारमेकर गल्लीत लहानपणी गेलो होतो, तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला. तिथले हे कारागीर मूळचे शिकलगार, तलवारींना पाणी देणारे; 1850 च्या सुमाराला सतारी-तंबोऱ्यांकडे वळलेले. (तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) त्या चाचांनी आत्याला विचारलं, "पट्टी कोणती?" तिने सांगितली. "सांगू नका बाई, गाऊन दाखवा." आत्या लाजत गायली. मग त्यांनी घोडीवर कानस अशी फिरवली, की मला वाटलं नुसती धूळच झटकतायत. तारेखाली सुताचा धागा मागेपुढे केला, आणि कोंडलेला तंबोरा बोलायला लागला. तो आत्याच्या गळ्यापुरता बोलत होता. चुलतबहीण तोच तंबोरा घेऊन वरच्या पट्टीत गायची तेव्हा तिला तो कुरकुरतोय असंच वाटे.

कारखान्याची गिटार आज वाईट नसते, उलट यंत्राने कापलेला तिचा दांडा केसभरही चुकत नाही. ह्या हॉलमधलेही काही जण संगणकाच्या यंत्रावर दांडे कापतात. एकाने छातीठोक सांगितलं, दुसऱ्याने इकडे तिकडे बघून. पण यंत्र आकड्यावर थांबतं आणि दोन फळ्या कधी सारख्या ताठ नसतात. शिवाय ते "हात दाखवा" म्हणत नाही.

"काही बिघडलं तर?" मी विचारलं. सात हजारांचा प्रश्न होता.

"इकडे पाठवा. मी नीट करून देतो, पैसे नाही घेणार." गिटारच्या पोटातल्या भोकातून त्यांनी आतली चिठ्ठी दाखवली, त्यांच्या हातचं नाव, साल, नंबर. "आत माझं नाव आहे ना."

"किती वर्षं?"

"जन्मभर."

मी सरकारी नोकरीत होतो. असे शब्द मी तसेच सोडत नाही. "कुणाच्या जन्मभर?"

मुलाने माझा कोट ओढला. म्हातारा मात्र हसला. "माझ्या," तो म्हणाला. "तो आकडा मला देता येत नाही, म्हणून किमतीत धरलेला नाही."

हाताखाली कुणी शिकतंय का, हे मी विचारणार होतो, पण टेबलामागे दुसरी खुर्चीच नव्हती.

त्यांनी फॉर्म पुढे केला. दांड्याची रुंदी, तारांचं अंतर सगळं भरून झालं, आणि 'पाठीचं लाकूड' ह्या रकान्यापाशी मुलाचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ह्या वयात मुलांना स्वतःची किंमत स्वतः ठरवू द्यावी. बऱ्याच वेळाने त्याने लिहिलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते." म्हाताऱ्याने ते दोनदा वाचलं, आणि शिसवीच्या रकान्यातली किंमत खोडून अक्रोडाची लिहिली.

मग वही काढून आमचं नाव उतरवून घेतलं. आमच्या आधी अठरा नावं होती. वर्षाला बारा गिटारी होतात, म्हणाले.